वापरात नसलेलं घर

नकाशावर एक बोट येऊन टेकलं आणि मिग्लेनाचं पेन जागच्या जागी थांबलं. बोट जाडजूड होतं. नख कधीतरी हातोडीखाली सापडून काळं पडलेलं, आणि तसंच वाढलेलं. "यात मी कुठे राहतो तेवढं दाखवा," बोटाचा मालक म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. सकाळपासून वाचनालयाच्या या हॉलमध्ये नगरपालिकेचा नवा नकाशा बघायला माणसं येत होती आणि तावातावाने भांडत होती. कुणाच्या गॅरेजवरून रस्ता गेला होता, कुणाच्या द्राक्षाच्या मांडवात दवाखान्याची भिंत येत होती, आणि मिग्लेना प्रत्येकाला एकच ठरलेलं उत्तर देत होती की हरकत लिहून द्या, हा काही शेवटचा नकाशा नाही. या माणसाला तिने ते उत्तर दिलं नाही. तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. बोटावरूनच तिने ओळखलं की हा वेल्को आहे, आणि वेल्कोचं बोट जिथे टेकलं होतं तिथे करड्या तिरप्या रेघा होत्या. त्या रेघा तिने स्वतःच्या हाताने मारलेल्या होत्या.

पिवळा रंग राहत्या घरांचा, निळा शाळा-दवाखान्यांचा, हिरवा बागा आणि मैदानांचा. करड्या रेघा म्हणजे वापरात नाही. मरित्सा नदीच्या काठच्या या खालच्या माहलेत, म्हणजे मोहल्ल्यात, एक गल्ली अशी निघाली की तिच्यात करड्या रेघाच जास्त, पिवळं कुठेकुठे. ते पाहून वरच्यांनी ठरवलं, राहतंय कोण तिथे, ती जागा लोकांच्या उपयोगी तरी पडू दे. शाळेला मैदान नव्हतंच. म्हणून शेजारच्या भिंतीवर टांगलेल्या दुसऱ्या नकाशात, जे होणार आहे त्या नकाशात, ती सगळी गल्ली हिरवीगार होती आणि वेल्कोच्या घराच्या जागी कुणीतरी हौसेने एक छोटंसं गोल झाड काढलं होतं. मिग्लेनाला ते झाड पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होतं. हिशोबाला तसं धरायचं तर काम चोख होतं. मुलं खेळतील, म्हाताऱ्या बाकांवर बसतील, वर्तमानपत्रात फोटो येईल. आणि एका जिवंत माणसाचं घर पडेल. ही शेवटची गोष्ट तिला गेले सहा-सात महिने ठाऊक होती. तिच्याशिवाय नगररचनेच्या ऑफिसात ती कुणालाच ठाऊक नव्हती.

"अहो, आटपा ना लवकर," रांगेतली एक लठ्ठ बाई म्हणाली. तिच्या पायाशी लाल मिरच्यांनी भरलेली पिशवी होती. सप्टेंबर संपत आलेला, सगळ्या शहराला भाजलेल्या मिरच्यांचा वास, आणि ही बाई मिरच्या सोडून इथे अडकलेली, त्यामुळे तिचा जीव वरखाली होत होता. "चूल पेटवून ठेवून आलेय मी."

"मग पेटती चूल सोडून आलातच कशाला?" वेल्को मागे न बघता म्हणाला. हॉलमध्ये दोघंतिघं हसले. मिग्लेनाही हसली असती. त्याचं हे असं बोलणं अजून तस्संच होतं. माणूस इतका बदलतो, केस जातात, खांदे उतरतात, आणि बोलण्याची एक तिरकी लकब मात्र जागच्या जागी राहते, याचा तिला उगीच राग आला. मग तिने वर पाहिलं. तो तिच्याकडेच पाहत होता. ओळख दाखवावी की नाही हे तो तिच्यावर सोपवून उभा होता. तिने दाखवली नाही. "नाव?" तिने विचारलं, आणि विचारताक्षणी स्वतःचीच लाज वाटून कागदांत तोंड खुपसलं.

मार्चमध्ये ती आणि बिस्त्रा ही गल्ली फिरल्या होत्या. बिस्त्रा तिच्या हाताखालची, मुलीच्या वयाची, सारखी कानात काहीतरी घालून ऐकणारी. गल्लीची डावी बाजू बिस्त्राने घेतली आणि उजवी मिग्लेनाने. खरं तर मिग्लेना ही माहला अदलाबदल करून टाळू शकली असती. तिने टाळली नाही. उलट मागून घेतली, आणि घेताना स्वतःला सांगितलं की मला इथला दगड न् दगड माहीत आहे, काम झटपट होईल. इथे माणूस गेला की त्याचा फोटो छापलेला कागद फाटकावर लागतो. चाळिसाव्या दिवशी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, मग दर वर्षी एक, जोवर लावणारं कोणी आहे तोवर. मोजणीला निघालेल्या माणसाला याचा फार उपयोग. घंटा वाजवत कोण बसतं? सरळ फाटक वाचायचं. कागद ताजा असेल तर आत आठवण काढणारं कोणीतरी आहे, घर पिवळं. कागद उन्हाने उडालेला, कोपरे सुटलेले, शेवटचा लावूनही वर्षं लोटलेली, तर आठवण काढणारंही गेलं. मारा करड्या रेघा. नियमात असलं काही नव्हतं. नियम म्हणतो ठोठावा, उघडेपर्यंत थांबा, नाही उघडलं तर पुन्हा या. पण नियम करणारे बर्फात गल्ल्या फिरत नाहीत. फाटकं वाचण्याची ही युक्ती मिग्लेनानेच ऑफिसात रुजवली होती आणि नवी पोरं ती तिच्या नावाने एकमेकांना शिकवत. "मिग्लेनाताईंना घंटा लागत नाही," बिस्त्रा म्हणायची, "त्या फाटकाकडे बघून सांगतात आत सूप कसलं शिजतंय."

वेल्कोच्या फाटकावर त्याच्या आईचा, गान्काकाकूचा कागद होता. एकच. पहिलाच. ऊन लागून लागून काकूचा चेहरा जवळजवळ पुसला गेला होता, फक्त डोक्याला बांधलेल्या रुमालाची कड आणि हनुवटी तेवढी उरलेली. वर्ष वाचता येत होतं, आणि ते वर्ष बरंच मागचं होतं. मिग्लेनाला तोवर काकू गेल्याचंही कळलेलं नव्हतं. ती कागदासमोर उभी राहिली आणि तिला एकदम उकडलेल्या गव्हाचा वास आला, साखर आणि अक्रोड घातलेल्या, काकू आपल्या गेलेल्या सासऱ्याच्या नावाने वाटायची तसल्या. तिने मनात म्हटलं, बघ, फाटकाच्या हिशोबाने हे घर करडं. मग तिची नजर वर गेली. भिंतीवरून बाहेर आलेल्या मनुक्याच्या फांदीला लाल-पांढऱ्या दोऱ्याचा गोंडा बांधलेला होता. मार्चचा गोंडा. लोक तो मनगटावर घालतात आणि झाडाला पहिला मोहोर दिसला की फांदीला बांधून टाकतात. जुना गोंडा पावसाने विटतो, लाल रंग पांढऱ्यात उतरतो. हा कोरा होता. काल नाही तर परवा बांधलेला. म्हणजे आत माणूस होतं, आणि मोहोर बघायला अंगणात येत होतं. यापेक्षा जास्त काय पुरावा हवा? तिने हात वर केला. बोटं मुडपली. फाटकाचा रंग तोच होता, बाटलीसारखा हिरवा, पोपडे धरलेला. तिचा हात तसाच हवेत राहिला, किती वेळ ते तिला आता सांगता येणार नाही. मग तिने तो खाली आणला आणि पलीकडून बिस्त्रा ओरडली, "ताई, तिकडे काय?" आणि मिग्लेना म्हणाली, "काही नाही. कागद जुनाय." आणि त्या दोघी पुढे गेल्या.

घाबरली कशाला होती ती? वय झालेली बाई, ऑफिसात सगळे जिला वचकून असतात ती, एका रिटायर झालेल्या रेल्वेच्या फिटरला? तिने स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं. वेल्कोच्या घराला लागून असलेल्या तिच्या पूर्वीच्या घराच्या जागी आता बालवाडी उभी होती, नकाशात निळी. वडिलांनी जागा नगरपालिकेला दिली आणि सगळे नव्या इमारतींत राहायला गेले, तेव्हापासून ती निळीच होती. त्या दिवशी तिथून मुलांची किलबिल ऐकू येत होती. दोन घरांमधल्या भिंतीत पूर्वी एक ठेंगणं दार होतं, शेजारदार. तसलं दार पूर्वी सगळ्यांकडे असायचं. बायका रस्त्यावर न जाता एका अंगणातून दुसऱ्यात जायच्या, पिठाने माखलेल्या हातांनी, डोक्यावर रुमाल नसताना. गान्काकाकू त्या दारातून वाकून यायची आणि चीज भरून भाजलेल्या बानित्साची थाळी पुढे करायची, "खा गं, माझ्या भट्टीनं आज तळ जाळलाय, पण वरनं बरं आहे." मिग्लेनाची आई म्हणायची, "काकू, तुमचं नेहमी तळच जळतं." "मग तुम्ही वरवरचंच खात जा," काकू म्हणायची. या दाराला ऑफिसच्या कुठल्याच नकाशात रंग नव्हता. ते राहतं की सार्वजनिक? फाटकाबाहेरच्या बाकाचंही तेच. बाक काकूचा, पण त्यावर बसायचं आख्ख्या गल्लीने, तिथेच सूर्यफुलाच्या बिया फोडायच्या आणि तिथेच कुणाचं लग्न मोडलं ते ठरायचं. बालवाडी झाली तेव्हा शेजारदार त्यांच्या बाजूने विटांनी बुजवलं. या बाजूने ते अजून असेल, कडीकोयंड्यासकट, कुठेच न उघडणारं.

त्या दारातून वेल्को यायचा. आधी सायकलच्या पंपासाठी, मग मीठ मागायला, मग कशालाच नाही, नुसता दाराच्या चौकटीला टेकून उभा. लष्करातून परत आल्यावर त्याने घरावर एक खोली चढवली. रविवारी रविवारी, वर्कशॉपमधल्या मित्रांना रकिया पाजून, विटा खांद्यावरून नेऊन. खोली कुणासाठी ते कुणी बोललं नाही, आणि सगळ्यांना माहीत होतं. रंग कोणता द्यावा असं त्याने मिग्लेनालाच विचारलं. तिने फिका हिरवा सांगितला. तिला वाटलं होतं आपल्या आवडीचा आकाशी सांगितला तर लग्नाचं फार पक्कं होईल, आणि हिरवा सांगितल्याने काय कमी पक्कं झालं कोण जाणे. त्या उन्हाळ्यात सोफियाहून प्रवेशाचा कागद आला. नगररचना. सबंध माहलेत आजवर कुणी मुलगी तिथवर गेली नव्हती. वडिलांनी कोंबडं कापलं. तिला जायचं होतं, हे अगदी खरं. तिला जायचं होतं आणि वेल्कोही हवा होता. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड का याव्यात हे तिला तेव्हा कळलं नाही आणि विचारायला ती त्याच्याकडे गेलीही नाही. ती गेली गान्काकाकूकडे. वेल्को कामावर असताना, शेजारदारातून वाकून. काकू टोमॅटो चिरत होती. मिग्लेना म्हणाली, "काकू, मी उद्या जाते. पाच वर्षं लागतील. त्याला सांगा, थांबू नकोस." काकूने सुरी खाली ठेवली. "तुझ्या तोंडाला काय झालंय?" ती म्हणाली. "तूच सांग. मी नाही सांगणार." पण सकाळच्या गाडीने मिग्लेना गेली. काकूलाच सांगावं लागलं असणार. वेल्कोने त्यावर काय केलं, जेवला की नाही, ओरडला की नाही, वरच्या खोलीत गेला का, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. तिने कधी विचारलं नाही. सोफियात दिमो भेटला, त्याच्याशी लग्न झालं, सरळमार्गी माणूस, तिला दुखवेल असं त्याने आयुष्यात काही केलं नाही. तो गेला तेव्हा तिला वाईट वाटायचं तेवढं वाटलं. दर वर्षी न चुकता ती त्याचा कागद छापून इमारतीच्या दाराला लावते, चांगल्या प्रतीच्या कागदावर, फोटो नीट पाहून निवडलेला. शेजारणी म्हणतात, बायको असावी तर अशी. ती तेव्हा मान फिरवून जिना चढायला लागते.

"वेल्को स्तामातोव," तो म्हणाला होता, आणि तिने ते लिहून घेतलं, आडनावाचं स्पेलिंग न विचारता. टेबलाच्या टोकाला बसलेले तोन्चेव उठून आले. तोन्चेव हे तिचे साहेब. वयाने तिच्यापेक्षा लहान, पोट सुटलेले, मनाने वाईट नाहीत, पण आज शेवटचा दिवस आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या हरकती निकालात काढायच्या म्हणून त्यांना घाम फुटला होता. त्यांनी नकाशावर वाकून पाहिलं. "हे घर वापरात नाही," ते म्हणाले.

"घर नसेल. मी आहे," वेल्को म्हणाला. "सकाळी उठून मीच स्टोव्ह पेटवतो."

"अहो, हा राहतो तिथे," मिरच्यांवाली बाई मध्येच म्हणाली. "काल माझ्यापुढे पाव घेतला यानं. मेलेली माणसं पाव घेतात होय?"

"बाई, तुम्ही थांबा जरा. हे आज राहतात की नाही हा प्रश्नच नाही." तोन्चेवनी रुमालाने मान पुसली आणि वेल्कोला समजावून सांगायला लागले. लहान मुलाला सांगावं तसं सांगत होते, पण सांगत होते खरं तेच. मोजणी मार्चातली धरायची. आमचं माणूस दारात आलं होतं आणि तुम्ही उघडलं नाही, तर मोजणी बरोबर. मग तुम्ही कोर्टात जा, पण कोर्टाचा निकाल येईस्तोवर मैदानाचं काम सुरू झालेलं असेल, हे मी आजच सांगतो, मागाहून मला बोल लावू नका. आणि आमचं माणूस दारात आलंच नसेल, तर चूक आमची. मग मी इथल्या इथे घर पिवळं करून देतो. "तेव्हा एवढंच," ते म्हणाले आणि मिग्लेनाकडे वळले. "मॅडम, ही बाजू तुमची ना? गेला होता तुम्ही?"

"गेले होते," मिग्लेना म्हणाली.

"ठोठावलं?"

हॉलच्या खिडक्या उघड्या होत्या आणि बाहेर कुणीतरी मिरच्या भाजायचं पत्र्याचं पिंप घरंगळत नेत होतं. मिग्लेनाला वाटलं, ते पिंप जाऊ दे, मग बोलू. तिच्या मनात त्या क्षणी वेल्को नव्हता, गान्काकाकू नव्हती, खोली नव्हती. फक्त बिस्त्रा होती, पलीकडच्या टेबलावर कानातली बटणं काढून ऐकणारी. पुढच्या वसंतात मिग्लेना रिटायर व्हायची होती. निरोपाच्या वेळी बिस्त्रा फाटकांचा तो विनोद सांगणार आणि सगळे हसणार, हेही ठरल्यासारखंच होतं. पिंपाचा आवाज लांब गेला. "ठोठावलं," ती म्हणाली. "दोनदा. कुणी उघडलं नाही."

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं, आणि याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त शरम वाटत राहिली. इतकं सोपं होतं ते. आता वेल्को चिडेल, ही बाई खोटं बोलते म्हणेल. त्याचा शब्द आणि तिचा शब्द. तोन्चेव तिचाच शब्द घेणार. चिडू दे. ओरडू दे. आपण गेलो त्या वर्षी ओरडायचं राहिलं असेल तर ते आता ओरडू दे, आपण ऐकून घेऊ. तिने तयारीने मान वर केली. वेल्को तिच्याकडे बघत होता, पण राग कुठे दिसत नव्हता. पडलेली वस्तू कुणाची आहे ते ओळखून तिला द्यावी की नाही याचा माणूस विचार करतो, तसा तो विचार करत होता.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "आल्या होत्या त्या. सकाळची वेळ, तपकिरी कोट, गळ्याशी फाईल धरलेली. मी घरातच होतो. उघडलं नाही मीच."

"म्हणजे तुम्हाला ऐकू आलं होतं?" तोन्चेवनी विचारलं. त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्या नोकरीत असा हरकतदार आला नव्हता.

"आलं होतं."

"अरे देवा, मग उघडायचं की नाही? काय माणसं असतात." तोन्चेवनी पेन उचललं. "हरकत नामंजूर. तुमचंच सांगणं आहे, सही करा."

तपकिरी कोट. मिग्लेनाला कोट आठवला, त्याची एक गुंडी त्या दिवशी सुटली होती. म्हणजे तो अंगणात होता. फाटकाच्या फटीतून पाहत होता, किंवा वरच्या खोलीच्या खिडकीतून, जिथून गल्लीचं वळण दिसतं. ती फांदीकडे बघत असताना, हात वर करून उभी असताना, तो पलीकडे उभा होता आणि त्याने तिच्या हाताची वाट पाहिली होती. आवाज आला नव्हता हे तिच्याइतकंच त्यालाही माहीत होतं. आणि आता तो ते घर देऊन टाकत होता, विटा खांद्यावरून नेऊन बांधलेलं, तिची चारचौघांत फजिती होऊ नये म्हणून. तिला त्याचा भयंकर राग आला. कुणी मागितलं होतं हे? आयुष्यभर सगळ्यांनी तिला सांभाळूनच घेतलं. आईने, दिमोने, काकूनेसुद्धा लागेल असा एक शब्द काढला नाही, आणि प्रत्येक वेळी ती हलकी होऊन पुढे निघून गेली होती. वेल्को सही करायला वाकला. टक्कल पडलेल्या डोक्यावर उन्हाने आलेले डाग होते. मिग्लेनाने त्याच्या हाताखालचा कागद ओढून घेतला.

"मी ठोठावलं नाही," ती म्हणाली.

"काय?" तोन्चेव म्हणाले.

"गेले होते, पण ठोठावलं नाही. फाटकावरचा कागद जुना होता. मी नुसती उभी राहिले आणि निघून आले. आत माणूस राहतंय हे मला दिसत होतं. तरी रेघा मारल्या."

बिस्त्राने मान खाली घातली. तोन्चेवचा चेहरा आधी लाल झाला आणि मग नुसताच दमलेला दिसायला लागला. "मॅडम, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय बोलताय?" ते हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या सहीखालची सबंध गल्ली मला आता परत मोजावी लागेल. मैदान राहिलं बाजूला. वर मी काय तोंड दाखवू?"

"कळतंय," ती म्हणाली. "मोजा परत."

"त्यांना कशाला त्रास देता?" वेल्को म्हणाला. "मी म्हटलं ना, ठोठावलं म्हणून."

"तू गप्प बस," मिग्लेना म्हणाली. ते 'तू' सगळ्यांनी ऐकलं. मिरच्यांवाल्या बाईने पिशवी पायाने बाजूला सारली आणि चुलीचं नाव काढलं नाही.

तोन्चेवनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्यांनी खणातून मोजणीचा कोरा कागद काढला आणि मिग्लेनासमोर सरकवला. "घ्या. जे मार्चात करायचं होतं ते आता करा. इथेच. सगळ्यांसमोर करा म्हणजे पुन्हा भानगड नको." ते रागाने म्हणाले, पण त्यांनी तिच्यासाठी खुर्ची नीट केली. मिग्लेनाने चष्मा पुसला. पहिला रकाना जागेचा, तो तिला विचारावा लागला नाही. दुसरा घरमालकाचा. तिने नाव लिहिलं. तिसऱ्यात इमारत.

"मजले?" तिने विचारलं.

"खाली दोन खोल्या. वर एक," वेल्को म्हणाला.

"वरची वापरात आहे?"

"कांदे वाळत घालतो." तो थांबला. "फाटकावर कागद नाही लावले, कारण आईच म्हणाली होती. दर वर्षी मला दाराला चिकटवू नकोस, लोकांना वाचायला दुसरं काही असू दे, म्हणाली. पहिला लावला तेवढाच."

मिग्लेनाने मान हलवली. कांदे कुठल्या रकान्यात बसतात ते तिला कळेना. तिने 'वापरात' असं लिहिलं. मग शेवटचा प्रश्न आला. गेली कितीतरी वर्षं हा प्रश्न तिने हजारो दारांत विचारला असेल, पेन कानाच्या पाठीमागून काढता काढता, उत्तराकडे अर्धं लक्ष देऊन. आता तिने पेन रकान्यावर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. तोन्चेव टेबलावर बोटं वाजवत होते.

"राहणारी माणसं किती?"

"एक," वेल्को म्हणाला.

त्याने हे साधं सांगितलं. मग टोपी उचलायला म्हणून तो टेबलावर वाकला आणि फक्त तिला ऐकू येईल असं बोलला. "कडीवर हात होता माझा त्या दिवशी. तू हात वर केलास ते दिसलं. पण उघडलं असतं तर हेच विचारलं असतंस ना, कागद हातात घेऊन. तुला 'एक' म्हणून सांगायचं, ते माझ्या जिवावर आलं."

त्याने टोपी घातली, मिरच्यांवाल्या बाईला वाट करून दिली आणि तो दाराकडे गेला. मिग्लेनाने रकान्यात एक लिहिलं आणि खाली सही केली. मग तिला रडू आलं, सगळ्यांच्या देखत, वयाला न शोभेल असं, आणि तोन्चेवनी रांगेतल्या लोकांना जरा बाहेर थांबायला सांगितलं.